चूल, उसनवारी आणि उद्योग

इतिहासाची पुस्तके गिरणीमालकांची नोंद घेतात, संपांची आणि पुढाऱ्यांचीही घेतात. गिरणीत जाणाऱ्या माणसाला पहाटे भाकरी कोणी भाजून दिली आणि त्या पिठाचे पैसे तिने कोठून आणले, याची नोंद मात्र क्वचितच आढळते. वास्तविक घरच्या अडचणीतून उभ्या राहिलेल्या छोट्या व्यवसायांचा इतिहास महाराष्ट्रात मोठा आहे, आणि त्या इतिहासाच्या कर्त्या बहुतांशी आया आहेत. मुलाबाळांच्या तोंडी घास घालताना जी अडचण त्यांना रोज छळत होती, तिच्यातूनच त्यांनी वाट काढली. प्रस्तुत लेखात अशा दोन उदाहरणांचा विचार करावयाचा आहे. दोन्ही मुंबईची आहेत. परंतु त्यांचे धागे मेहकरसारख्या वऱ्हाडातील गावापर्यंत येऊन पोहोचतात, म्हणून आरंभ तेथूनच करू.

मोल नसलेली कला

पैनगंगेच्या काठी वसलेले मेहकर हे बुलढाणा जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. १८८८ साली येथे जमिनीत सापडलेल्या शारंगधर बालाजीच्या भव्य मूर्तीमुळे ते दूरवर ठाऊक आहे. भोवतालची जमीन काळी, कापूस आणि ज्वारीची, अलीकडे सोयाबीनची. उन्हाळा कडक. चैत्र-वैशाखात या भागातील घरोघरी वाळवणे सुरू होतात. कुरडया, शेवया, सरगुंडे, मुगवड्या आणि पापड यांनी अंगणे व गच्च्या भरून जातात. शेजारणी पोळपाट-लाटणे घेऊन एकमेकींकडे जातात. आज एकीचे पापड, उद्या दुसरीचे. उडदाचे पीठ किती घट्ट भिजवावे, पापडखार किती घालावा, लाटी किती कुटावी, हे कोणी पुस्तकात वाचलेले नसते. आईच्या हाताखाली लेक शिकते आणि सासरी नेते.

ही कला वर्षाची बेगमी करीत आली, पण तिचे दाम पिढ्यानपिढ्या कोणी मोजले नाहीत. दुष्काळी वर्षी वह्या-पुस्तकांसाठी, औषधासाठी चार रुपये लागले, तर त्याच कुशल हातांना शेजारी उसने मागावे लागत असे. कला हाताशी आणि अडचण दाराशी असूनही उद्योग उभा राहत नाही. मग तो केव्हा उभा राहतो, हा खरा प्रश्न आहे.

परदेशातील दोन आया

या प्रश्नाचे एक उत्तर परदेशात मिळते. १९२७ साली अमेरिकेतील मिशिगन राज्यात डोरोथी गर्बर ही माता आपल्या सात महिन्यांच्या मुलीसाठी भाज्या उकडून, कुटून, गाळून देत असे. रोजच्या या खटाटोपाला ती कंटाळली आणि तिने पतीला सुचविले की, हे काम कारखान्यातच का होऊ नये? पुढच्याच वर्षी बाळांसाठी गाळलेल्या अन्नाचे डबे बाजारात आले. दुसऱ्या महायुद्धानंतर मॅरियन डोनोव्हन या मातेने बाळाचे ओले दुपटे आणि भिजलेले अंथरूण यांना वैतागून स्नानघराच्या पडद्याचे कापड कापले व लंगोटावरचे जलरोधक आवरण शिवले. १९४९ मध्ये ते न्यूयॉर्कच्या एका नामांकित दुकानात विक्रीस आले आणि १९५१ मध्ये तिला त्याचे पेटंट मिळाले.

दोन्ही गोष्टी कौतुकाच्या आहेत. तथापि एक बाब नजरेआड करता येत नाही. गर्बर कुटुंबाचा डबाबंद अन्नाचा कारखाना आधीपासूनच होता, आणि डोनोव्हन यंत्रे बनविणाऱ्या घरातच वाढली होती. अडचण आईची होती, परंतु तिच्या पाठीशी भांडवल होते. आपल्याकडील आईपाशी मात्र पोळपाट-लाटणे होते आणि दुपारचा वेळ होता.

गिरगावची गच्ची

मुंबईच्या गिरगावात लोहाणा निवास नावाच्या इमारती आहेत. तेथील सात गुजराती गृहिणी १५ मार्च १९५९ रोजी गच्चीवर जमल्या. जसवंतीबेन पोपट या त्यांपैकी एक. शिक्षण बेताचे असल्यामुळे नोकरी मिळण्यासारखी नव्हती, आणि घर सोडून दिवसभर बाहेर राहणे शक्य नव्हते. दुपारचे काही तास मात्र हाती होते. पापड लाटता येत होते. समाजसेवक छगनलाल करमसी पारेख यांच्याकडून त्यांनी ८० रुपये उसने घेतले, सामान आणले आणि पहिल्या दिवशी पापडांची ४ पाकिटे तयार केली. ती भुलेश्वरच्या एका व्यापाऱ्याने विक्रीस ठेवली.

आरंभीचा एक निर्णय फार मोलाचा ठरला. तोटा आला तरी देणगी स्वीकारावयाची नाही, असे या स्त्रियांनी ठरविले. ८० रुपये हे दान नव्हते, ऋण होते. आणि ऋण फेडणारा माणूस ताठ मानेने उभा राहतो. ‘छगनबापां’नी त्यांना आणखी दोन गोष्टी शिकविल्या. हलका आणि चांगला असे दोन प्रकारचे पापड करू नयेत, एकच उत्तम प्रतीचा करावा; आणि हिशेब चोख लिहावा.

मग पावसाळा आला. मेहकरच्या उन्हात चैत्रातला पापड पाहता पाहता वाळतो. मुंबईच्या आषाढात तो वाळेचना. पहिल्या वर्षी चार महिने काम बंद ठेवावे लागले. पुढील वर्षी त्यांनी उपाय शोधला. खाट व शेगडी विकत घेतली, खाटेवर पापड पसरले आणि खाली शेगडी ठेवली. ज्या घरात पावसाळ्यात मुलांचे कपडे वाळविण्याची विवंचना असते, त्या घरातील स्त्रीलाच हा उपाय सुचावा, यात नवल नाही.

पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपयांची झाली. तिसरे वर्ष संपेपर्यंत भगिनींची संख्या ३०० च्या पुढे गेली. १९६२ साली पापडाला ‘लिज्जत’ हे नाव मिळाले. ते सुचविणाऱ्या भगिनीला ५ रुपयांचे बक्षीस देण्यात आले. १९६६ मध्ये ‘श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड’ या संस्थेची रीतसर नोंदणी झाली, आणि त्याच वर्षी खादी व ग्रामोद्योग आयोगाची मान्यता लाभली. कामाची पद्धत साधी आहे. भगिनी सकाळी शाखेतून भिजवलेले पीठ घरी नेते, सवडीने पापड लाटते, ते शाखेत पोहोचते करते आणि आपली मजुरी घेते. लाटणारी प्रत्येक भगिनी संस्थेची सहमालक असते. पुरुषांना पगारी नोकरी मिळते, मालकी मिळत नाही. साठ वर्षांनंतर भगिनींची संख्या ४५ हजारांच्या आसपास पोहोचली होती, आणि २०२१ साली जसवंतीबेन पोपट यांना पद्मश्री जाहीर झाली.

गिरणगावच्या खाणावळी

दुसरे उदाहरण गिरणगावातील, आणि त्याचा वऱ्हाडाशी थेट संबंध आहे. बुलढाणा जिल्ह्यातील कापूस खामगावच्या बाजारात येई. १८७० साली जलंब-खामगाव हा लोहमार्ग सुरू झाल्यावर तो गाडीने थेट मुंबईकडे जाऊ लागला. त्या कापसाचे सूत काढणारे हजारो कामगार कोकणातून आणि घाटावरून आले होते. पुष्कळांच्या बायका-मुले गावीच होती. त्यांना दोन वेळचे जेवण देणाऱ्या खाणावळी लालबाग-परळच्या चाळींतील लहानशा खोल्यांत बायका चालवीत असत.

या बाईची अडचण समजून घेण्यासारखी आहे. गिऱ्हाईक महिन्याच्या पगाराला पैसे देणार. वाण्याचे सामान मात्र रोज लागणार. मधल्या दिवसांसाठी ती वाण्याकडे उधारी करी किंवा सावकाराकडे दागिना गहाण ठेवी. महिनाअखेर हाती आलेला पैसा व्याजात निघून जाई. वीस-वीस माणसांना जेवू घालणारी आई आपल्या मुलांच्या शाळेच्या खर्चासाठी पुन्हा सावकाराच्याच दारी उभी राही. १९७४ च्या आरंभी गिरणी कामगारांचा ४२ दिवसांचा संप झाला, तेव्हा याच बायकांनी संपकऱ्यांना उधारीवर जेवू घातले आणि स्वतः आणखी कर्जात बुडाल्या.

गोवा मुक्तिसंग्रामात भाग घेतलेल्या आणि पुढे मुंबईत कामगार चळवळीत काम करणाऱ्या प्रेमा पुरव यांना हे दिसले. १९७५ साली त्यांनी चौदा खाणावळवाल्यांना घेऊन अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली. १९६९ मध्ये १४ मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते, आणि १९७२ पासून दुर्बल घटकांसाठी ४ टक्के व्याजाची कर्जयोजना अस्तित्वात होती. योजना कागदावर होती, पण खाणावळवालीला बँकेची पायरी ठाऊक नव्हती; तारण द्यावे तर दागिना आधीच सावकाराकडे. मंडळाने बायकांचे गट केले आणि एकीने दुसरीची हमी घेतली. कर्ज मिळाले, ते फेडले गेले, पुन्हा मिळाले. शेजारणीचा शब्द हेच तारण ठरले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरणगावच ओसरू लागले. तेव्हा मंडळाने कार्यालयांना जेवण पुरविण्यासारखी नवी कामे हाती घेतली. प्रेमा पुरव यांना २००२ साली पद्मश्री मिळाली.

पत म्हणजे विश्वास

ही दोन उदाहरणे शेजारी ठेवली, म्हणजे आपल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट होते. गिरगावात काय किंवा परळला काय, नवा पदार्थ कोणी शोधला नाही. पापड जुनाच होता, भाकरीही जुनीच होती. नवी होती ती पत: ८० रुपये देणारा एक माणूस आणि हमी राहणारी एक शेजारीण. त्या पतीमुळे आईच्या कष्टाचा मोबदला सावकाराच्या वहीत न जाता तिच्या मुलांच्या ताटात पडला.

आपल्या समाजालाही हा अनुभव नवा नाही. सावकारी पाशातून शेतकऱ्यांना सोडविण्यासाठी १९१८ साली वसईत मॉन्सिनियर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने कॅथॉलिक सहकारी पतसंस्था सुरू झाली. तीच पुढे मोठी बँक बनली. मेहकरच्या जिल्ह्यात १९८६ साली ७२ सभासद आणि १२ हजार रुपयांच्या भांडवलावर बुलढाणा अर्बन ही पतसंस्था उभी राहिली. तिचा विस्तार पुढे जिल्ह्याच्या बाहेर दूरवर झाला. महिला आर्थिक विकास महामंडळाची स्थापनाही १९७५ मधलीच, आणि त्यानंतर राज्यात गावोगावी बचत गट निघाले.

तरीही सर्व काही साधले, असे म्हणता येणार नाही. अनेक गटांचे पापड-लोणचे प्रदर्शनापुरते विकले जाते आणि वर्षभर गिऱ्हाईक मिळत नाही. लिज्जतच्या भगिनींनी एकच प्रत राखली आणि चोख हिशेब ठेवला, हा धडा पुष्कळदा मागे पडतो. शिवाय गिऱ्हाइकाचीही एक जबाबदारी असते. धर्मग्रामातील एखादी आई नाताळचा फराळ करून विकते, तेव्हा आपण तिची तारीफ करतो आणि लगेच भावात घासाघीस करतो. घरचेच तर आहे, असे म्हणून तिच्या मेहनतीचे दाम आपणच वजा करतो. दुकानातल्या छापील किमतीशी मात्र आपण वाद घालीत नाही.

म्हणून या इतिहासापासून घ्यावयाचा बोध व्यवहाराचा आहे. अशा आईला दया नको असते. रास्त व्याजाने भांडवल, एखाद्या शेजारणीची हमी, मालाचा योग्य भाव आणि वेळेवर पैसे एवढे तिला मिळाले, तर उरलेले ती स्वतः करते. गिरगावच्या सात गृहिणींनी आणि परळच्या चौदा खाणावळवाल्यांनी ते करून दाखविले आहे.