दुधाच्या तीन बाटल्या

बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्याची शीव १९४८ पर्यंत दोन राज्यांची सरहद्द होती. अलीकडे निजामाचे संस्थान, पलीकडे मुंबई इलाख्यातील नगर जिल्हा. इलाख्याचा भेसळ प्रतिबंधक कायदा १९२५ चा. संस्थानात त्याची सत्ता चालत नसे. दूध तेच, त्यात पाणी ओतणारा हातही तोच, कायदा मात्र शिवेवर संपे! अन्नभेसळ प्रतिबंधाचा केंद्रीय कायदा १ जून १९५५ पासून अमलात आला, तेव्हा बीड हैदराबाद राज्यातच होते. मुंबई राज्यात ते १९५६ साली आले.

दुधाची लोकमान्य परीक्षा म्हणजे लॅक्टोमीटरची काचनळी. ती केवळ घनता सांगते. पाण्याने घनता उतरते, साय काढल्याने चढते. दोन्ही बेताने केले की नळी निमूटपणे जागेवर येते. गवळ्याच्या शपथेइतकाच तिचा भरवसा!

नव्या कायद्याने विश्वास ठेवला तो बाटल्यांवर. निरीक्षकाने दूध रोख पैसे देऊन घ्यावे, साक्षीदारासमक्ष त्याचे तीन भाग करावेत, ते नासू नये म्हणून फॉर्मलिन घालावे व मोहोर लावावी. एक बाटली सरकारी विश्लेषकाकडे, एक निरीक्षकापाशी आणि एक खुद्द विक्रेत्याच्या हाती. अहवाल अमान्य असल्यास न्यायालयामार्फत त्याला केंद्रीय प्रयोगशाळेकडे दाद मागता येई. आरोपीच्याच हाती पुरावा देणारे असे कायदे थोडेच. पुढे १९७६ च्या दुरुस्तीने ती बाटली त्याच्याकडून काढून आरोग्य अधिकाऱ्याकडे ठेवली. फेरतपासणीचा हक्क तेवढा राहिला.

या हक्काचे मोल दुष्काळात कळते. महाराष्ट्रात गाईच्या दुधात स्निग्धांश साडेतीन टक्के व स्निग्धेतर घनपदार्थ साडेआठ टक्के असावे लागत. जनावर अर्धपोटी राहिले की हे घनपदार्थ घटतात. आणि त्यांच्या तुटीवरूनच तर विश्लेषक पाण्याचे प्रमाण काढतो. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातील गोठ्यांत वैरण नव्हती. अशा गाईचे निखळ दूधही कागदावर पाणीदार ठरू शकते, आणि १९६४ च्या दुरुस्तीनंतर भेसळीची किमान शिक्षा सामान्यतः सहा महिने कैद होती. गाईची उपासमार सांगणारा रकाना अहवालात नसे.

५ ऑगस्ट २०११ पासून अन्नसुरक्षेचा नवा कायदा आला. शेतकरी त्याच्या कक्षेबाहेर राहिला. केवळ कमी प्रतीच्या मालाला कैदेऐवजी दंड आला. नमुन्याचे आता चार भाग होतात. चौथा भाग विक्रेत्याने मागितल्यास मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे जातो.