विंचूदंश : दुखत नाही म्हणून निश्चिंत राहू नका

बांधावरचे दगड हलवताना, तणसाचा ढीग उपसताना, पहाटे अंधारात मोहफुले वेचताना विंचू चावण्याचा धोका असतो. चंद्रपूर-गडचिरोलीत काळ्या, मोठ्या विंचवाची भीती जास्त. पण महाराष्ट्रात जिवावर बेततो तो बहुधा लहान, तांबडा विंचू. त्याचे चिमटे बारीक असतात.

दंशाच्या जागी असह्य आग होत असेल आणि बाकी काही नसेल, तर विष बहुधा अंगात भिनलेले नसते. वेदना फारशी नाही, पण उलटी, दरदरून घाम, तोंडाला लाळ, हातपाय गार ही लक्षणे दिसली तर धोका मोठा. लहान मुलाच्या बाबतीत तर लक्षणांची वाटच पाहू नका.

हे विष मज्जातंतूंमधील सोडियमचे मार्ग उघडेच ठेवते. त्यामुळे तंतू सतत संदेश सोडत राहतात. सुरुवातीला घाम, लाळ, उलटी होते, कधी नाडी मंदावते. मग अॅड्रेनॅलिनसारख्या द्रव्यांचा लोट येतो. रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो. त्या दाबाविरुद्ध रक्त ढकलून हृदय थकते आणि फुफ्फुसांत पाणी साचते. फुफ्फुसांतील केशवाहिन्यांजवळ ‘जे’ संवेदक असतात. त्यांचा शोध डॉ. अवतारसिंग पेंटल या भारतीय शास्त्रज्ञाने लावला. पाणी साचले की ते चेतवले जातात आणि श्वास उथळ, भरभर होतो. तांबड्या विंचवाच्या विषाने हृदय व श्वासाच्या अशा प्रतिक्षिप्त क्रिया अधिक तीव्र होतात, असे उंदरांवरील प्रयोगांत दिसले आहे. खोकला आणि गुलाबी फेस येईपर्यंत थांबलात, तर फार उशीर झालेला असतो.

याचा उपचार सापडला तो कोकणात. रायगड जिल्ह्यातील महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी अशा रुग्णांच्या हृदयावरील लक्षणांची नोंद १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडली. पुढे त्यांनी रक्तदाबावरची प्राझोसीन ही साधी, स्वस्त गोळी वापरली. ती आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करते. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी सुमारे ३० टक्के दगावत. हे प्रमाण अगदी थोड्यावर आले. सोबत विंचूविरोधी लस दिल्यास रुग्ण आणखी लवकर सावरतो, असे त्यांच्या २०११ च्या अभ्यासात दिसले. गोळी मात्र घरी देऊ नका. मात्रा डॉक्टरच ठरवतात, आणि ती घेतल्यावर रुग्णाला आडवेच ठेवावे लागते. एकदम उठला तर रक्तदाब कोसळतो.

फवारणीच्या दिवसांत एक घोटाळा होऊ शकतो. ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकाच्या विषबाधेतही घाम, लाळ, उलटी असते. तिथे अॅट्रोपीन जीव वाचवते. विंचूदंशात तेच हृदयावरचा ताण वाढवू शकते. म्हणून माणूस शेतात काय करत होता, कोणते औषध फवारले, विंचू पाहिला का, किती वाजता चावला, हे डॉक्टरांना नक्की सांगा.

जागा चिरणे, घट्ट बांधणे, मंत्र-झाडपाला यांत वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा आणि रुग्णाला चालवू नका. पाड्यावरून रुग्णालय लांब असेल, तर घाम सुटताच निघा, दम लागण्याची वाट पाहू नका. तणीस उपसण्याआधी काठीने हलवा, बूट झटकून घाला, रात्री बॅटरी हाती ठेवा.