एका क्रीडांगणाचा जमाखर्च

समाजाचा स्वभाव जाणावयाचा तर त्यानें बांधलेल्या इमारती पाहाव्या, हा संकेत जुनाच आहे. राजवाडे, किल्ले आणि देवालयें यांवरून इतिहासकार त्या त्या काळाचें चित्र रेखाटतात. परंतु ज्या समाजाचें जीवन गिरण्यांनीं व कारखान्यांनीं घडविलें, त्याचें अंतरंग समजून घ्यावयाचें असेल, तर शनिवारीं दुपारीं सुटीचा भोंगा वाजल्यावर तेथील कामकरी वर्ग कोठें जात असे हें पाहिलें पाहिजे. इंग्लंडांत तो फुटबॉलच्या मैदानाकडे जात असे. म्हणून तेथील एखाद्या मैदानाचा इतिहास हा नुसता खेळाचा इतिहास राहत नाहीं. समाजांतील कोणाला, कोठें आणि काय किंमतीला जागा मिळाली, याची ती एक नोंदवहीच असते. लंडनच्या आर्सेनल क्लबानें २००६ सालीं हायबरीचें जुनें मैदान सोडून नव्या क्रीडांगणांत आपलें बिऱ्हाड हलविलें, त्या स्थलांतराकडे या दृष्टीनें पाहण्यासारखें आहे.

या क्लबाचा जन्म १८८६ सालीं टेम्स नदीच्या दक्षिणेस वुलिच येथें झाला. तेथील सरकारी दारूगोळ्याच्या कारखान्यांतील कामगारांनीं तो आपसांत उभा केला. परंतु वुलिच शहराच्या एका टोंकाला पडलें. प्रेक्षक पुरेसे येईनात, आणि १९१० च्या सुमारास क्लब दिवाळखोरीच्या कांठावर आला. तेव्हां हेन्री नॉरिस या धनिकानें तो हातीं घेतला व १९१३ सालीं नदीपलीकडे, उत्तर लंडनमधील हायबरी येथें नेला. ही जागा धर्मशिक्षण देणाऱ्या एका महाविद्यालयाची होती. एकवीस वर्षांच्या पट्ट्यासाठीं २०,००० पौंड मोजावे लागले, आणि धार्मिक सणांच्या दिवशीं सामने न खेळण्याची अट मान्य करावी लागली. पुढें १९२५ सालीं ६४,००० पौंडांना ती जमीनच विकत घेतली, तेव्हां ती अटहि संपली. यांत ध्यानांत ठेवण्यासारखी गोष्ट ही, कीं ज्या हायबरीच्या आठवणीनें पुढें हजारोंचे डोळे पाणावूं लागले, ती हायबरीहि मुळांत एका व्यापारी हिशेबाचेंच फळ होती. वुलिचच्या कामगाराला मागें टाकूनच क्लब तेथें आला होता.

१९२५ ते १९३४ या काळांत हर्बर्ट चॅपमन हे संघाचे व्यवस्थापक होते. त्यांच्या कारकीर्दींत संघाला यश आलें आणि त्या यशाला शोभेशी वास्तुहि उभी राहूं लागली. १९३२ सालीं जवळच्या भुयारी रेल्वेच्या स्टेशनाला क्लबाचें नांव देण्यांत आलें, आणि त्याच वर्षीं डिसेंबरांत पश्चिमेकडील नव्या स्टँडचें उद्घाटन युवराजांच्या हस्तें झालें. १,३०,००० पौंड खर्चून पूर्वेकडील स्टँड १९३६ सालीं पुरा झाला. तथापि मैदानाचें खरें सामर्थ्य या सुबक इमारतींत नव्हतें. ९ मार्च १९३५ रोजीं संडरलंडविरुद्धच्या सामन्यास ७३,२९५ प्रेक्षक जमले. हायबरीवरील गर्दीचा हा उच्चांक पुढें कधींच मोडला नाहीं. त्यांतील बहुतेक लोक चढत्या पायऱ्यांवर खांद्याला खांदा लावून उभे होते. उभ्याच्या जागेचा विशेष असा, कीं ती कोणाच्याच नांवाची नसते. जो आधीं येईल तो पुढें उभा राहतो, आणि मागाहून येणाऱ्यासाठीं थोडें सरकून घेतो. तिकीट स्वस्त असल्यामुळें बाप आपल्या मुलाला घेऊन येऊं शके, आणि एकाच पायरीवर पिढ्यानुपिढ्या तीच कुटुंबें दिसत.

या व्यवस्थेचा दोष मात्र भयंकर होता. १५ एप्रिल १९८९ रोजीं शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर तो साऱ्या जगाला दिसला. लोखंडी कुंपणानें कोंडलेल्या पायऱ्यांवर चेंगरून लिव्हरपूलच्या ९७ प्रेक्षकांचे प्राण गेले. चौकशीसाठीं नेमलेल्या न्यायमूर्ति टेलर यांनीं पोलिसांच्या ढिसाळ बंदोबस्तावर मुख्य ठपका ठेवला. आणि जानेवारी १९९० च्या अंतिम अहवालांत, मोठ्या मैदानांवर सर्व प्रेक्षकांना बसावयास खुर्ची असावी अशी शिफारस केली. याच अहवालांतील एक दुसरी गोष्ट पुढें सोयिस्करपणें विसरली गेली. खुर्ची आली म्हणजे गरीब प्रेक्षक बाहेर गेलाच पाहिजे, असें टेलर यांना वाटत नव्हतें. ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावर उभ्याला ४ पौंड व बसणाराला ६ पौंड पडतात, असें उदाहरणहि त्यांनीं दिलें होतें.

हायबरीवर काय झालें? उत्तरेकडील पायऱ्या १९९२ सालीं पाडण्यांत आल्या. नव्या स्टँडच्या खर्चासाठीं क्लबानें १,००० ते १,५०० पौंड किंमतीचे रोखे काढले. हे पैसे भरून प्रेक्षकाला आसन मिळत नव्हतें. हंगामाचें तिकीट विकत घेण्याचा केवळ हक्क मिळत होता. बांधकाम चालू असतां तें झांकण्यासाठीं समोर गर्दीचें एक प्रचंड चित्र उभारलें होतें. त्या रंगविलेल्या गर्दींत एकहि काळा चेहरा नाहीं, हें लोकांनीं दाखवून दिल्यावर तें चित्र दुरुस्त करावें लागलें. आपला प्रेक्षक कोण, याविषयीं चालकांच्या मनांत काय प्रतिमा होती, हें त्या चित्रानें नकळत सांगून टाकलें.

सर्वत्र खुर्च्या बसविल्यावर हायबरींत सुमारें ३८,४०० च लोक मावूं लागले. चहूंकडे लोकवस्ती, आणि पूर्वेचा स्टँड तर ऐतिहासिक वास्तु म्हणून कायद्यानें संरक्षित; तेव्हां विस्ताराला वाव उरला नाहीं. १९९८ पासून दोन हंगाम क्लबानें आपले युरोपीय सामने वेम्ब्लीच्या मैदानावर खेळून पाहिले, तों तेथें ७३,००० वर प्रेक्षक येऊं लागले. मागणी किती आहे, याचा हा रोकडा पुरावा होता. शेवटीं हायबरीपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या ॲशबर्टन ग्रोव्ह येथील जागा निश्चित झाली. तेथें कचरा हलविण्याचें केंद्र व लहानमोठे कारखाने होते. डिसेंबर २००१ मध्यें इस्लिंग्टनच्या नगरसभेनें परवानगी दिली. सर्व मिळून खर्च सुमारें ३९ कोटी पौंड आला. २००४ सालीं एमिरेट्स या विमान कंपनीशीं १० कोटी पौंडांचा करार होऊन तिचें नांव नव्या क्रीडांगणाला व खेळाडूंच्या सदऱ्याला मिळालें. ७ मे २००६ रोजीं हायबरीवर शेवटचा सामना झाला. जुलैमध्यें नवें मैदान खुलें झालें. आणि जुन्या मैदानाच्या जागीं राहण्याचे गाळे बांधून विकण्यांत आले.

आतां आंकडेच पाहूं. हायबरीच्या अखेरच्या हंगामांत सामन्यांच्या दिवशींचें उत्पन्न ४ कोटी ४१ लक्ष पौंड होतें. नव्या जागेंतील पहिल्याच हंगामांत तें ९ कोटी ६ लक्ष झालें. आसनें ३८,४०० वरून सुमारें ६०,४०० वर गेलीं, म्हणजे दीडपटीहून थोडीं अधिक झालीं. त्याच प्रमाणांत उत्पन्न वाढतें तर तें सुमारें ७ कोटींवर थांबलें असतें. सामन्यांच्या संख्येंतील थोडाबहुत फरक सोडून दिला, तरी वरचे दोन कोटी आसनांच्या संख्येनें आणलेले नाहींत. ते आसनांच्या प्रकारानें आणले. क्रीडांगणाच्या मधल्या मजल्यावर सुमारें ७,००० उंची आसनें आहेत, आणि १५० खाशा खोल्या आहेत. तेथें खेळाबरोबर भोजन व आदरातिथ्यहि विकलें जातें. मैदानांतील सर्वांत सोयीचा मधला पट्टा या ग्राहकांसाठीं राखून ठेवला आहे, आणि सामान्य प्रेक्षक त्याच्या वर व खालीं विभागला गेला आहे. वास्तुशास्त्र आणि अर्थशास्त्र यांचा एवढा उघड विवाह क्वचितच पाहावयास मिळतो.

तरीहि या हिशेबाला काळानें एक चमत्कारिक कलाटणी दिली. श्रीमंत क्लबांच्या बरोबरीनें राहतां यावें म्हणून हें कर्ज काढलें होतें. परंतु कर्ज अंगावर असतांनाच स्पर्धेचें स्वरूप पालटलें. २००३ सालीं चेल्सी क्लब एका रशियन अब्जाधीशानें विकत घेतला. त्याला प्रेक्षकांच्या पैशांची वाट पाहण्याचें कारण नव्हतें. दुसरीकडे, सामने दूरचित्रवाणीवर दाखविण्याच्या हक्कांची किंमत वाढत गेली. २०१३ ते २०१६ या तीन वर्षांसाठीं ब्रिटनमध्यें त्या हक्कांना ३०० कोटी पौंडांवर रक्कम आली. पुढील तीन वर्षांसाठीं ती ५०० कोटींवर गेली. आर्सेनलनें २००५ सालीं एफ. ए. कप जिंकला, तो पुन्हा मोठें विजयचिन्ह हातीं येण्यास २०१४ साल उजाडलें. मध्यंतरी हेन्री, फॅब्रेगस, व्हॅन पर्सी असे मोहरे एकामागून एक विकले गेले. कर्ज हें त्याचें एकमेव कारण नव्हे. पण तें नव्हतेंच, असेंहि म्हणतां येणार नाहीं. २०२३-२४ मध्यें क्लबाला सामन्यांच्या दिवशीं सुमारें १३ कोटी पौंड मिळाले, तर प्रक्षेपणापासून त्याच्या जवळजवळ दुप्पट. २०२० सालीं महामारींत आसनें रिकामीं ठेवून सामने झाले, आणि प्रेक्षकावांचून खेळ चालूं शकतो हें उघड झालें. तो निर्जीव होतो, हेंहि त्याच वेळीं कळलें.

जुनें तें सारें सोनें, असें म्हणण्याचा प्रस्तुत लेखकाचा मुळींच हेतु नाहीं. नवें क्रीडांगण सुरक्षित आहे, स्वच्छ आहे. तेथें स्त्रिया व मुलें निर्धास्तपणें येऊं शकतात, आणि दर सामन्याला पूर्वींपेक्षां वीस हजार माणसें अधिक मावतात. पण सुरक्षिततेसाठीं आणलेली खुर्ची आणि उत्पन्नासाठीं वाढविलेली तिची किंमत या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीचें पुण्य दुसरीच्या खात्यावर मांडणें हा हिशेबांतील लबाडपणा होय. २०२२ सालापासून इंग्लंडच्या वरच्या दोन श्रेणींतील मैदानांवर, कठडे घालून, उभ्याच्या जागांना कायद्यानें पुन्हा परवानगी मिळाली. त्यावरून एवढें तरी सिद्ध होतें, कीं उभें राहणें हाच गुन्हा नव्हता. तिकडे २०१८ सालीं एका अमेरिकन धनिकानें आर्सेनलचे सर्व भाग आपल्याकडे घेतले, आणि पिढ्यान्‌पिढ्या एखाददुसरा भाग जपून ठेवणाऱ्या लहान भागधारकांना ते सक्तीनें विकावे लागले. कामगारांनीं आपसांत उभारलेल्या क्लबांत, चाहत्यापाशीं आतां मालकीचें असें कांहींच उरलें नाहीं. उरलें तें भाड्याचें आसन. जमाखर्चाच्या वहींत ही रक्कम कोठेंच दिसणार नाहीं. ती मांडून ठेवणें हेंच इतिहासाचें काम आहे.