सेकंद : एका शब्दाचा प्रवास

रमजानच्या वेळापत्रकात सहेरी आणि इफ्तारची वेळ मिनिटासह छापलेली असते. मगरिब जवळ आली की रोजेदाराची नजर सेकंदकाट्यावर खिळते. 'सेकंद' हा शब्द आपल्याला इंग्रजीने दिला हे खरे. पण इंग्रजीला तो कोठून मिळाला?

इंग्रजीत सेकंद म्हणजे 'दुसरा'. काळाच्या एवढ्याशा तुकड्याला 'दुसरा' का म्हणावे? तासाचे साठ भाग केले की पहिला बारीक भाग मिळतो. लॅटिनमध्ये तो 'पार्स मिनुता प्रिमा'. त्याचे पुन्हा साठ भाग केले की मिळतो दुसरा बारीक भाग, 'पार्स मिनुता सेकुंदा'. पहिल्या नावातले 'मिनुता' उरले, त्याचे मिनिट झाले. दुसऱ्यातले 'सेकुंदा' उरले, त्याचा सेकंद झाला.

साठाची ही मोजणी मूळची बाबिलोनची. दुसऱ्या शतकात टॉलेमीने ती ग्रीक खगोलगणितात वापरली. नवव्या शतकात बगदादच्या विद्वानांनी त्याचा ग्रंथ अरबीत आणला. अरबीत मिनिटाला 'दकीका' म्हणजे बारीक आणि सेकंदाला 'सानिया' म्हणजे दुसरी असे म्हणतात. इ.स. १०००च्या सुमारास अल्-बेरूनीने अमावास्येच्या वेळा काढताना तासाचे मिनिट, सेकंद आणि त्याहूनही सूक्ष्म भाग मांडले. पुढे याच अल्-बेरूनीने 'किताब-उल्-हिंद'मध्ये भारतीयांची कालगणनाही नोंदवली. साठ घटकांचा दिवस आणि साठ पळांची घटका, म्हणजे साठाचे हे गणित आपल्या पंचांगातही होतेच.

११७५मध्ये तोलेदो येथे क्रेमोनाच्या जेरार्डने टॉलेमीचा ग्रंथ अरबीतून लॅटिनमध्ये नेला. १२६७मध्ये रॉजर बेकनने पौर्णिमेच्या वेळा अशाच सूक्ष्म भागांत दिल्या. तरीही सेकंद कित्येक शतके कागदावरच राहिला. १६५६मध्ये हायगेन्सने लंबकाचे घड्याळ बनवले आणि एवढा लहान काळ यंत्राने मोजणे शक्य होऊ लागले. १९६७पासून तर सेकंद सीझियम अणूच्या ९,१९,२६,३१,७७० कंपनांवरून ठरतो.

विज्ञान परक्यांचे, आपला त्याच्याशी संबंध काय, असे म्हणणारे आपल्यात आहेत. सगळे शोध आमच्याच पूर्वजांनी लावले, असे छाती फुगवून सांगणारेही आहेत. हा छोटासा शब्द दोघांनाही खोटे पाडतो. बगदादच्या विद्वानांनी ग्रीकांचे घेताना कमीपणा मानला नाही आणि घेतलेले होते तसेच ठेवले नाही. त्यांचा वारसा सांगायचा, तर शिकण्याची ही रीतही उचलायला हवी.