नीलवस्त्र आणि रंगाऱ्याचे हात

दीघनिकायातील महापरिनिब्बान सुत्तात वैशालीच्या लिच्छवींचे वर्णन आले आहे. तथागतांच्या भेटीस निघालेल्या लिच्छवींपैकी काही जण नीलवर्ण वस्त्रे आणि नीलवर्ण अलंकार धारण करून आले होते. भारतात कापडाला टिकाऊ निळा रंग देणारे प्राचीन द्रव्य म्हणजे नीळ. त्या काळी निळे वस्त्र हे गणराज्यातील प्रतिष्ठितांचे वस्त्र होते, असे अनुमान आम्ही यावरून काढतो.

विनयपिटकातील महावग्गात संपूर्ण निळे चीवर भिक्खूंना निषिद्ध ठरविले आहे. परंतु त्याचे कारण विटाळ नव्हे. अशी चीवरे पाहून लोक भिक्खूंना कामभोगी गृहस्थांच्या पंक्तीला बसवू लागले, म्हणून तो नियम झाला. निषेध चैनीचा आहे; रंगाचा अथवा रंगाऱ्याचा नाही. उलट, भिक्खूंनी स्वहस्ते चीवर कसे रंगवावे याचे नियम त्याच ग्रंथात आहेत. मूळ, खोड, साल, पान, फूल व फळ यांपासूनच्या सहा रंगांना तेथे अनुज्ञा आहे. रंग पुरता शिजला की नाही, हे त्याचा थेंब पाण्यात किंवा नखावर टाकून पाहावे, इतका बारकावा त्यात आहे. मज्झिमनिकायातील वत्थूपम सुत्तात तर 'रजक' म्हणजे रंगारी हाच उपमेचा विषय झाला आहे. मळलेल्या वस्त्रावर निळा, पिवळा वा तांबडा कोणताच रंग नीट चढत नाही. स्वच्छ वस्त्रावर चढतो. चित्ताचेही तसेच आहे.

स्मृतिकारांची दृष्टी याच्या नेमकी उलट आहे. आपत्काळी व्यापार करणाऱ्या ब्राह्मणाने ज्या वस्तू विकू नयेत, त्यांत मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायाने मद्य आणि लाख यांच्याबरोबर नीळही घातली. उत्तरकालीन स्मृतींनी सात अंत्यजांच्या यादीत पहिले नाव रजकाचेच लिहिले. सुत्तात जो उपमेला योग्य ठरला, तोच स्मृतीत स्पर्शाला अयोग्य ठरला.

वस्तुतः हे काम किती बुद्धीचे आहे! नीळ पाण्यात विरघळत नाही. चुना, गूळ अशा द्रव्यांसह ती पिंपात आंबवावी लागते. तेव्हाच ती धाग्यात शिरते. बाहेर काढलेले कापड प्रथम पिवळसर हिरवे दिसते आणि वारा लागताच निळे होते. गडद छटेसाठी ते पुनःपुन्हा बुचकळावे लागते. नक्षी हवी तेथे चुना व डिंक यांचे मिश्रण ठशाने छापतात. झाकलेल्या भागास नीळ लागत नाही. अशा रीतीने रंगविलेले गुजरातचे मध्ययुगीन सुती कापड इजिप्तमधील फुस्तात येथे सापडले आहे. १८९७ मध्ये जर्मनीतून कृत्रिम नीळ बाजारात आली, तरी ही कला लोपली नाही. कच्छमधील धमडका आणि २००१ च्या भूकंपानंतर वसलेले अजरखपूर येथील खत्री कारागीर आजही अजरख छापतात.

आपल्या मराठीत निळीने कापड रंगविणाऱ्यास 'निळारी' हा स्वतंत्र शब्द आहे. वस्त्राने दूरदेशीचा बाजार जिंकला. ते घडविणाऱ्याचे नाव मात्र इतिहासाने नोंदविले नाही. वस्त्रसंग्रहालयात निळ्या कापडाचा तुकडा पाहताना त्यामागील निळे झालेले हात आठवावेत. त्या हातांना हीन ठरविणारा विचार पुढे रूढ केला गेला; तो अनादी नाही, हे आम्ही येथे आवर्जून नमूद करतो.