अधिकृत भांडवल ४५० वॉट

कॉम्प्युटर विकत घेताना मध्यमवर्गीय माणूस जितके प्रश्न विचारतो, तितके तो मुलीचं स्थळ पाहतानाही विचारत नाही. प्रोसेसर कुठला, मेमरी किती, डिस्क केवढी, पडदा किती इंचांचा आणि सर्वांत शेवटी, ‘यावर मुलाचा अभ्यास होईल ना?’ शेवटच्या प्रश्नाला दुकानदार सवयीने ‘हो’ म्हणतो. पण या सगळ्या मंडळींना दोन वेळचं जेवू कोण घालणार, हा प्रश्न कुणालाच सुचत नाही. तो अन्नदाता मागच्या बाजूला पत्र्याच्या डब्यात बसलेला असतो. शास्त्रात त्याला पॉवर सप्लाय म्हणतात, बाजारात एसएमपीएस. आपल्याकडे बरीच वर्षं तो कॅबिनेटबरोबर फुकट मिळायचा, आणि फुकट मिळालेल्या वस्तूची चौकशी करायची नाही हा तर आपला कुलाचार.

मी बँकेत कारकून. शिक्षण बी. कॉम. विजेशी माझा संबंध बिलाच्या शेवटच्या तारखेपुरता. तरीही या डब्याचा मला नाद लागला, कारण त्याची हकीकत वाचता वाचता माझ्या ध्यानात आलं की, ही तर आपलीच शाखा आहे! दर्शनी काउंटर नाही, फलक नाही, पण आतला व्यवहार तोच. एकीकडून घ्यायचं, दुसरीकडे द्यायचं आणि मधल्या मध्ये काही गळू द्यायचं नाही.

म्हणजे असं बघा. भिंतीतून येणारी वीज २३० व्होल्टची आणि सेकंदाला पन्नास हेलकावे खाणारी. कॉम्प्युटरला मात्र हवी १२, ५ नि ३.३ व्होल्टची, आणि तीही देवघरातल्या समईसारखी स्थिर. हा फरक मिटवण्याची जुनी रीत अगदी सरकारी होती. लोखंडी गाभ्याचा एक अगडबंब ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज खाली आणायचा आणि त्यातूनही जे जास्त उरेल ते रेग्युलेटर उष्णता म्हणून जाळून टाकायचा. उरलेलं अनुदान एकतीस मार्चच्या आत संपवतात ना, तसं. घेतलेल्या विजेतली निम्मी तरी कामी आली तर नशीब. बाकीची खोली तापवण्यात खर्ची पडायची.

नवी रीत वाण्याची. लागेल तेवढंच, पुडी बांधून. भिंतीतली वीज आधी सरळ करायची, की तिचे होतात सुमारे ३२५ व्होल्ट. ती एका मोठ्या कपॅसिटरमध्ये साठवायची. मग एक ट्रान्झिस्टर सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करून तिच्या पुड्या बांधतो आणि एका छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून पलीकडे पाठवतो. पलीकडे व्होल्टेज कमी पडलं तर पुडी थोडी मोठी, वाढलं तर थोडी लहान. उघडझाप जितकी जलद तितका ट्रान्सफॉर्मर लहान, म्हणून तो अगडबंब ठोकळा जाऊन मुठीत मावणारा आला. या उघडझापीवरूनच नाव पडलं स्विच मोड पॉवर सप्लाय. एसएमपीएस ते हेच.

ही युक्ती मूळ कुणाची? इथे इतिहास सुरू होतो, आणि इतिहास म्हटला की श्रेयाचं भांडण आलंच. आमच्या शाखेत ठेवी वाढल्या की त्या नेमक्या कुणामुळे वाढल्या यावर जेवढी मतं असतात, तेवढीच इथेही आहेत.

ॲपल कंपनीचे स्टीव्ह जॉब्स यांनी आपल्या चरित्रकाराला छातीठोकपणे सांगितलं की, हा शोध आमच्या रॉड होल्टचा, जगातले सगळे कॉम्प्युटर त्याचीच नक्कल करतात आणि इतिहासाची पुस्तकं मात्र त्याचं नाव घेत नाहीत. चरित्र २०११ साली निघालं आणि गोष्ट जगभर झाली. गोष्ट आहेही झकास. १९७७ च्या ॲपल-टू मध्ये जॉब्सना पंखा नको होता. पंख्याच्या आवाजाने म्हणे माणसाची तंद्री भंगते. (आमच्या शाखेतला पंखा त्यांनी ऐकला असता, तर त्यांनी कॉम्प्युटरचाच नाद सोडला असता.) पंखा नको म्हणजे उष्णता नको, आणि उष्णता नको म्हणजे जुनी जाळपोळीची रीत नको. होल्ट यांनी ३८ वॉटचा छोटा, थंड डबा करून दिला. हे होल्ट विचारांनी मार्क्सवादी होते म्हणतात. तेव्हा प्रत्येकाला गरजेपुरतंच देणारं यंत्र त्यांच्या हातून व्हावं, यात नवल नाही. फक्त ते झालं भांडवलदाराच्या कारखान्यात.

पण २०१२ साली केन शिरिफ नावाच्या एका अभियंत्याने जुनी दप्तरं उघडली. आमच्याकडे ऑडिटर आल्यावर जे होतं तेच मग झालं. १९३० च्या दशकातल्या मोटारींच्या रेडिओंत बॅटरीची वीज तोडणारी थरथरती पट्टी होतीच. १९६० च्या दशकात ही उघडझाप उपग्रहांपर्यंत पोचली होती, पण खर्च सरकारी तिजोरीलाच परवडावा असा. ती सामान्यांच्या आवाक्यात आणली वेगळ्याच लोकांनी. रॉबर्ट बॉशर्ट नावाच्या गृहस्थांनी नोकरी सोडून १९७० साली चक्क स्वयंपाकघरातल्या टेबलावर स्वस्त स्विचिंग सप्लाय जुळवायला सुरुवात केली. (त्यांच्या कुटुंबाचं यावर काय म्हणणं होतं ते इतिहासात नाही, पण प्रत्येक विवाहित पुरुष ते सांगू शकेल.) १९७७ मध्ये, म्हणजे ॲपल-टू बाजारात आला त्याच वर्षी, बॉशर्ट यांच्या कंपनीत ६५० माणसं होती. आणि १९७६ सालीच रॉबर्ट मॅमानो यांनी सिलिकॉन जनरल कंपनीत या पुड्या मोजून बांधणारी अख्खी यंत्रणा एका चिपमध्ये बसवली होती.

म्हणजे होल्ट यांचं काम चोख, यात शंका नाही. पण नदी आधीच वाहत होती, त्यांनी उत्तम घाट बांधला. गंमत अशी की, होल्ट यांना श्रेय मिळत नाही म्हणून हळहळणाऱ्या जगाला बॉशर्ट हे नावही ठाऊक नाही. मागच्या खोलीतल्या माणसांतही एक पुढची रांग असते आणि एक मागची!

पुढे १९८१ साली आयबीएमचा पीसी आला. त्याचा डबा ६३.५ वॉटचा, म्हणजे आपल्या ओटीवरच्या साठच्या बल्बहून साडेतीन वॉट जास्त. १९८४ च्या एटी मॉडेलपर्यंत तो १९२ वर गेला. त्या काळच्या डब्यातून मदरबोर्डला दोन जोडण्या जात, आणि त्यांची जागा चुकून अदलाबदल झाली की बोर्ड कैलासवासी. म्हणून मेकॅनिक लोकांचा मंत्र होता, ‘काळ्याला काळी’. दोन्ही जोडण्यांच्या काळ्या तारा शेजारी शेजारी आल्या की मुहूर्त साधला. १९९५ साली इंटेलने एटीएक्स ही पद्धत आणली आणि दोनाची एक जोडणी झाली. तेव्हापासून कॉम्प्युटर बंद केला तरी हा डबा पुरता झोपत नाही. पाच व्होल्टची एक वात तेवत ठेवून बसतो, निवृत्त हेडक्लार्क घरी बसूनही ऑफिसची वेळ पाळतो तसा. आज खेळबिळ खेळणारी मुलं हजार वॉटचा डबा मागतात. एवढ्यात पूर्वी घरादाराची इस्त्री व्हायची.

हा झाला बखरीतला इतिहास. डब्याचं खरं अंतरंग मला दिसलं ते पुण्यात तपकीर गल्लीत, एका दुरुस्तीवाल्याच्या दुकानी. आमच्या घरचा डबा एका संध्याकाळी फटाक्यासारखा आवाज करून गेला होता. तो पिशवीत घालून मी गेलो. दुकानदाराने तो आधी नुसता तळहातावर तोलला, बायका नारळ घेताना तोलतात तसा.

“हलका आहे साहेब,” तो म्हणाला. “आत कुणी राहत नाही.”

मी स्क्रू काढायला हात पुढे केला तसा तो ओरडलाच. “अंहं! वायर काढली तरी मोठ्या कपॅसिटरात ३२५ व्होल्ट बसलेले असतात. घरी कधी उघडायचा नाही.” त्याने रीतसर त्यातली वीज उतरवली, डबा उघडला आणि शेजारी एक चांगल्या जातीचा डबा उघडून ठेवला.

दोन्ही पाहिल्यावर माणसाला वेदान्त सुचावा. चांगल्या डब्यात वीज आत शिरते तिथेच फ्यूज, तारेची वेटोळी, चपटे कपॅसिटर असा चौकी-पहारा. आमच्या डब्यात बोर्डावर त्यांच्या जागा छापलेल्या, पण माणसं गैरहजर. वेटोळ्यांच्या जागी सरळ तारेचे तुकडे जोडून दिलेले. हजेरीपटावर नाव आहे, पगार निघतो, खुर्चीवर कोट टांगलाय आणि माणूस चहाला गेलाय.

मग तो मोठा कपॅसिटर. हा म्हणजे बँकेची रोख राखीव. वीज डोळा मिटण्याइतकी गेली तर तेवढा वेळ याने घर चालवायचं. नियम आहे सुमारे १६-१७ सहस्रांश सेकंदांचा. चांगल्या डब्यातला होता गडव्याएवढा, आमचा कुंकवाच्या करंड्याएवढा. उष्णता शोषणारे ॲल्युमिनियमचे पत्रे तिथे जाड, इथे पापडासारखे. लहान कपॅसिटरांवर तिथे १०५ अंश लिहिलेलं, इथे ८५. आणि या वस्तूचा नियम असा की, उष्णता दहा अंशांनी वाढली की आयुष्य निम्मं. आमच्या डब्यात सगळे टोपी फुगवून बसलेले.

ही टोपी फुगण्याचीही एक साथ येऊन गेली आहे. १९९९ ते २००७ च्या सुमारास जगभर कोट्यवधी कपॅसिटर असे फुगून फुटले. आतल्या पाणीमिश्रित द्रवात ॲल्युमिनियमचं रक्षण करणारं एक द्रव्यच कमी होतं, त्यामुळे हायड्रोजन साचायचा आणि टोपी उडायची. २००२ साली धंद्याच्या मासिकांत बातमी आली की, कुणीतरी जपानी कंपनीची कृती चोरली, पण अर्धवट. कॉपी करणाराने शेजाऱ्याचं अर्धंच उत्तर उतरवावं आणि सुपरवायझर यावा, तसं. बातमी शेवटपर्यंत सिद्ध झाली नाही, पण नापास मात्र गिऱ्हाईक झालं.

सर्वांत मला भावलं ते बोर्डाचं सोवळं. डब्याच्या एका अंगाला भिंतीतली जहाल वीज, दुसऱ्या अंगाला आपल्या हाताशी येणारी सौम्य वीज. दोन्हींमध्ये तांब्याचा एकही धागा नसलेला रिकामा पट्टा असावा लागतो. निरोप द्यायचा तोही एका चिमुकल्या भागातून, उजेडाच्या खुणेने. शिवायचं नाही! चांगल्या डब्यात हा पट्टा चांगला बोटभर रुंद. आमच्या डब्यात दोन्ही बाजू दादरच्या गाडीत बसल्यासारख्या खांद्याला खांदा लावून.

“पण यावर ४५० वॉट लिहिलंय हो!” मी लेबल दाखवलं.

“ते लिहायला शाई लागते, तांबं नाही,” तो म्हणाला. “दोनशेच्या वर गेला की राम म्हणतो.”

तेव्हा माझ्यातला बी. कॉम. जागा झाला. अहो, हे तर अधिकृत भांडवल! कंपनीच्या कागदावर अधिकृत भांडवल कितीही कोटींचं लिहिता येतं. पाहायचं असतं ते वसूल भांडवल. असे डबे क्षणभरच झेपणारा आकडा मोठ्या अक्षरांत छापतात आणि दिवसभर झेपणारा छापतच नाहीत. मार्चअखेरचा ताळेबंद आणि जूनमधली तिजोरी यांतला फरक मला कुणी समजावून सांगायला नको.

एवढ्यात दुकानात एक निवृत्त गुरुजी आले. त्यांचा डबाही असाच गेला होता, पण एकटा गेला नाही. जाताना व्होल्टेज भलतंच चढवून मदरबोर्ड आणि डिस्क घेऊन गेला. डिस्कवर गुरुजींनी तीन वर्षं खपून टाइप केलेला गावाचा इतिहास होता. इनामं, पाटीलकी, दुष्काळ, शाळेची पहिली हजेरी, सगळं. दुसरी प्रत नव्हती. दुरुस्तीवाल्याने डिस्क कानाशी धरली आणि मान हलवली. गुरुजी एवढंच म्हणाले, “कागद जपून ठेवलेत मी. पुन्हा टाइप करतो.” कर्जदार बुडाला की जामीनदाराचं घर जातं हे मी काउंटरवर बसून पुष्कळ पाहिलं होतं. पण काही शे रुपयांच्या बचतीला अख्खं गाव जामीन राहिलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

हल्ली डब्यांना पदकं मिळतात. २००४ साली ‘एटी प्लस’ नावाची परीक्षा निघाली. घेतलेल्या विजेतली ८० टक्के तरी कामी यायला हवी. पुढे कांस्य, रौप्य, सुवर्ण असे वर्ग आले. पण ही परीक्षा वीज किती वाया जाते याची, डबा किती वर्षं टिकेल याची नव्हे. शिवाय ती होते सुमारे २३ अंश तापमानात. आमच्या विदर्भाच्या मे महिन्यात डब्याला कुणी तोंडी परीक्षेला बसवत नाही. पदक पाहावं, पण तळहातावर तोलूनही पाहावं.

गुरुजी महिन्याभराने नवा कॉम्प्युटर घ्यायला गेले तेव्हा मला बरोबर घेऊन गेले. दुकानातल्या पोराने मोठ्या उत्साहाने पडदा लावून दाखवला, रंग दाखवले. गुरुजींनी तिकडे पाहिलंही नाही. “आधी जेवायला कोण घालणार ते दाखवा,” ते म्हणाले. पोरगा गोंधळला, पण डबा आणला. गुरुजींनी तो दोन्ही हातांत घेतला, वहीचं बाड तोलावं तसा तोलला, जाळीतून आत डोकावून वेटोळी मोजली आणि मग चष्मा वर करून विचारलं,

“वसूल भांडवल किती?”