‘ट्रॅव्हल्ड’मधला एकेरी एल

* मूळ पत्रात ‘ट्रॅव्हल्ड’मध्ये एकच एल आहे. तो हस्तदोष नव्हे. पत्रलेखक अमेरिकेत शिकलेले, म्हणून त्यांचे लेखन तसेच ठेवले आहे. इंग्रजी क्रियापदाला भूतकाळाचा ‘ईडी’ जोडताना शेवटचे व्यंजन दुप्पट करायचे की नाही, हे बहुधा आघातावर ठरते. ‘प्रिफर’मध्ये जोर शेवटी पडतो, म्हणून ‘प्रिफर्ड’ला दोन आर, ‘ऑफर’मध्ये तो सुरुवातीलाच पडतो, म्हणून ‘ऑफर्ड’ला एकच. या न्यायाने ‘ट्रॅव्हल’लाही एक एल पुरे. पण ब्रिटिश लेखनात एल आघाताला जुमानत नाही, तो दुप्पट होतोच. नोआ वेब्स्टरने १८२८च्या कोशात एकेरी एलचा पुरस्कार केला आणि अमेरिकेत तोच रुळला. तर्काने पाहता वेब्स्टरचीच बाजू सरस. आपल्याकडे मात्र शाळेपासून दोन एल गिरवले जातात. याच पत्रात पुढे आलेल्या ‘पॅनिक्ड’मधला के मात्र दोन्हीकडे सारखाच : सीपुढे ई आला की उच्चार ‘स’कडे झुकतो, ते टाळायला के मध्ये घालतात. ‘पेड’चे कोडे वेगळेच. उच्चार अगदी ‘प्लेड’सारखा नियमित, तरी लेखनात वायचा आय झालेला.